लाकोटा लोकांनी भाषा 'स्वतःच सोडली' म्हणणाऱ्यांस

माझ्या भाचीने शिक्षणशास्त्राच्या प्रकल्पात वापरण्यासाठी व्हॉट्सॲपवर फिरणारा एक मजकूर मला दाखवला, म्हणून हे लिहावे लागत आहे. अमेरिकेतील लाकोटा या मूलनिवासी लोकांनी इंग्रजीच्या लोभापायी आपली भाषा स्वतःच सोडली, तिला लिपी नसल्याने ती शाळेत शिकवता येत नाही, आणि बाहेरच्यांनी शब्दकोश करून दिला तरी हे कृतघ्न लोक त्यांच्यावरच उलटले, असे त्यात ठासून सांगितले आहे.

यातील पहिल्या विधानाचा मला सर्वाधिक संताप येतो. १८७९ मध्ये पेनसिल्व्हेनियातील कार्लाइल येथे मूलनिवासी मुलांसाठी निवासी शाळा उघडली, तेव्हा पहिल्या तुकडीसाठी मुले आणली गेली ती दूरवरच्या रोझबड आणि पाइन रिज या राखीव प्रदेशांतील लाकोटा घरांतून. १८८७ च्या वार्षिक अहवालात मूलनिवासी कारभाराचे आयुक्त ॲटकिन्स यांनी, या मुलांना त्यांच्या भाषेत शिकवणे निरुपयोगीच नव्हे तर त्यांच्या शिक्षणाला आणि सुधारणेला घातक आहे, असे स्पष्ट लिहिले आणि शाळांतून त्या भाषांना मनाई केली. हा अहवाल सरकारनेच छापलेला आहे. 'स्वतःच सोडली' म्हणणाऱ्याने तो आधी वाचावा. पुढे अनेक आईवडिलांनी मुलांशी घरात इंग्रजीच बोलायचे ठरवले, एवढे मी नाइलाजाने मान्य करतो. परंतु भाषा बोलल्याबद्दल ज्यांनी शाळेत शिक्षा भोगली, त्यांनी ती मुलांच्या वाट्याला येऊ नये म्हणून घेतलेल्या निर्णयाला लोभ म्हणण्यासाठी मन फारच निबर असावे लागते.

लिपीचा मुद्दा फार वेळ घेण्याजोगा नाही. त्याच १८८७ मध्ये जॉर्ज बुशोटर हा लाकोटा तरुण वॉशिंग्टनमध्ये बसून आपल्या लोकांच्या कथा आणि चालीरीती रोमन अक्षरांत लाकोटातून लिहीत होता, आणि त्याची हजाराहून अधिक पाने भरली. रोमन अक्षरे इतरांचीही आहेत म्हणावे, तर देवनागरी तरी एकट्या मराठीची कुठे आहे? शाळेचे म्हणाल, तर स्टँडिंग रॉक या राखीव प्रदेशातील सिटिंग बुल कॉलेजने लहान मुलांसाठी लाकोटातूनच चालणारा वर्ग २०१२ मध्ये सुरू केला.

राहिला कृतघ्नतेचा आरोप. लाकोटा लँग्वेज कन्सोर्टियम या संस्थेचा २००८ चा शब्दकोश उपयुक्त आहे, याबद्दल वाद नाही. तंटा आहे तो स्वामित्वहक्काचा. समाजातील वृद्धांच्या बोलण्याचे ध्वनिमुद्रण करून त्यावर तयार केलेल्या साहित्याचे हक्क संस्थेकडे राहिले, म्हणून स्टँडिंग रॉकच्या जमातीच्या परिषदेने २०२२ मध्ये त्या संस्थेला आपल्या भूमीतून हद्दपार केले. आजीने विश्वासाने सांगितलेले शब्द नातवाला विकत घ्यावे लागत असतील, तर त्याने आभार नेमके कोणाचे मानावेत, हे त्या मजकुरात कुठेही लिहिलेले नाही.