हेक्स वाचता येतं म्हणून हेक्सच वाचायचं?

जीटीकेवेव्ह (सर्किटच्या सिम्युलेशनमधले सिग्नल वेळेनुसार आलेखात, म्हणजे वेव्हफॉर्ममध्ये, दाखवणारा प्रोग्रॅम) यावरच्या माझ्या लेखाबद्दल तुमचं म्हणणं थोडक्यात असं : त्यात रंग, नावं, आकार बदलत बसणं ही रंगरंगोटी, असर्शन (डिझाइन चुकलं की आपोआप तक्रार करणाऱ्या तपासण्या) नीट लिहिली की वेव्हफॉर्म बघायची वेळच येत नाही. शिवाय रीसेटला लाल रंग द्यायचा सल्ला चुकीचा, आणि स्टेटच्या (सर्किट सध्या कुठल्या टप्प्यात आहे त्याच्या) आकड्यांऐवजी नावं दाखवणारा फिल्टर लावूनही काही बदललं नाही.

लाल रंगाचं मान्य. एक्स, म्हणजे ० की १ हे ठरलेलं नसलेली किंमत, आधीच लाल दिसतो. रीसेटही लाल केला तर खरा एक्स नजरेतून सुटतो. लेखात आता निळा केलाय.

असर्शनचं मात्र पटत नाही. कुठल्या क्षणी बिनसलं ते असर्शन सांगतं, का बिनसलं ते बहुधा नाही. लेखातलाच यूआर्ट रिसीव्हर (एका तारेवरून एकेक बिट येणारा डेटा वाचणारं सर्किट) घ्या. क्लॉक ५० मेगाहर्ट्‌झ, बॉड (सेकंदाला किती बिट) ११५२००. म्हणजे एका बिटला सुमारे ४३४ क्लॉक, दहा बिटांच्या फ्रेमला (स्टार्ट बिट, आठ डेटा बिट, स्टॉप बिट) ४३४०. अख्खी फ्रेम १४०० पिक्सेलांत बसवली की एका पिक्सेलात तीन क्लॉक कोंबले जातात आणि क्लॉकच्या ओळीचा नुसता हिरवा पट्टा होतो. या झूमला ती ओळ काढूनच टाका.

बॉड काउंटरचे (एका बिटातले क्लॉक मोजणाऱ्या काउंटरचे) हेक्स, म्हणजे सोळाच्या पायातले, आकडेही इथे मावत नाहीत. डेटा फॉरमॅटमध्ये ॲनालॉग, मग स्टेप निवडा. एडिटमधून त्याच्याखाली ॲनालॉग हाइट एक्स्टेन्शन दोन-तीनदा घाला, नाहीतर सगळं एका ओळीत चिरडतं. (साइन्ड डेसिमल ठेवू नका, काउंटर नऊ बिटांचा, २५५ नंतर आलेख थेट उणे जातो.) आता करवत दिसेल. स्टार्ट बिटचा दात अर्ध्या उंचीचा, २१७ पर्यंतच हवा. तोही पूर्ण निघाला तर सॅम्पलिंग बिटच्या मध्यावर नाही, कडेवर होतंय. टेस्टबेंचचा (डिझाइनला चाचणीचे सिग्नल देणाऱ्या कोडचा) बॉड तंतोतंत जुळला की बाइट तरीही बरोबर येऊ शकतो, म्हणून फक्त बाइट तपासणारं असर्शन इथे गप्प बसतं. डोळ्याला हे एका नजरेत कळतं.

तुमच्या फिल्टरचं कारण साधं असावं. जीटीकेवेव्ह फिल्टर फाइलीतली किंमत पडद्यावरच्या मजकुराशी जुळवून बघतं. दोन बिटांचा स्टेट हेक्समध्ये एकच अंक दाखवतो, त्यामुळे फाइलीत '०२' लिहिलं तर जुळणार नाही, '२' हवं. सिग्नल बायनरीत असेल तर '१०'. आणि सेव्ह फाइल (तुमची मांडणी साठवणारी) सिग्नल पूर्ण हायरार्कीच्या नावानं, म्हणजे कुठल्या मॉड्यूलच्या आत कुठलं मॉड्यूल या पत्त्यानं, ओळखते, तेव्हा टेस्टबेंचमध्ये इन्स्टन्सचं नाव बदललं की मांडलेली ओळ उघडतानाच गायब होते; ती फाइल टेक्स्ट एडिटरमध्ये उघडून जुनं नाव बदला, पुन्हा मांडत बसू नका.