हेंच म्हजें साधें तोंड

पन्नाशीनंतर माणसाला न मागता दोन गोष्टी मिळतात: मधुमेहावरचे सल्ले आणि कायमचं तोंड. मला मिळालेलं तोंड रागीट आहे. मी मनात मानकुराद आंब्याचा भाव काढत बसलेला असतो आणि समोरचा दबकत विचारतो, "माझं काही चुकलं का?" भजनाला गेलो तर पेटीवाला एकदा माझ्याकडे बघतो आणि गुपचूप सूर तपासून घेतो.

पासपोर्टच्या फोटोत चेहरा निर्विकार लागतो. पणजीतला फोटोवाला कॅमेऱ्यामागून म्हणाला, "बाब, राग करूं नाकात. साधें तोंड दवरात."

"अरे, हेंच म्हजें साधें तोंड!"

तो जरा वेळ स्क्रीनकडे बघत राहिला. मग पोराला म्हणाला, "एक लायट बंद कर रे."

त्यात मुलगी मानसशास्त्र शिकते. तिनं शोधून आणलं की 1987 साली मानसशास्त्रज्ञ कॅरोल मालाटेस्टा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उतारवयातल्या माणसांचे फोटो परक्यांना दाखवून त्यांवरचे भाव ओळखायला लावले होते. लोक चुकले, पण चुकताना त्या त्या माणसाच्या मूळ स्वभावाकडेच झुकले.

"म्हणजे बाबा, तू आयुष्यभर आतल्या आत चिडलेला आहेस."

"आतल्या आत?" एवढंच म्हणून बायको भेंडी चिरत राहिली.

कारणही पटण्यासारखं आहे, हीच पंचाईत. चेहऱ्याचे बरेचसे स्नायू थेट कातडीला जोडलेले असतात. जो भाव पुन्हा पुन्हा येतो, त्याची घडी तिथंच पडते. तरुणपणी कातडीतलं कोलॅजन नावाचं प्रथिन इस्त्रीवाल्यासारखं ती रोज मोडून देतं. वय झालं की इस्त्रीवाला दुकान आवरतो आणि घडी मुक्कामाला राहते.

माझी घडी दोन भुवयांच्या मधली. पण तिथला स्नायू काही फक्त रागाच्या मालकीचा नाही. डोकं खाणारी अडचण आली की तो आकसतो, हे डार्विननं 1872 मध्येच लिहून ठेवलंय. डोळ्यांवर ऊन आलं तरी तो आकसतोच. आता माझा संसार पणजीत आणि नोकरी फोंड्यात. सकाळी स्कूटरवरून पूर्वेला जायचं तेव्हा सूर्य समोर, संध्याकाळी पश्चिमेला परतायचं तेव्हाही समोर. रायबंदरच्या कॉजवेवर तर तो मांडवीच्या पाण्यातूनही डोळ्यांत घुसतो. फोंड्यात राहून पणजीला येणाऱ्यांची तोंडं बघा, कशी प्रसन्न असतात! ऊन त्यांच्या पाठीवर.

मुलीपुढे मी अमेरिकेतला ट्रकवाला उभा केला. 2012 साली एका वैद्यकीय नियतकालिकात त्याचा फोटो छापून आला. वय 69, ट्रक चालवला 28 वर्षं. खिडकीच्या काचेतून येणाऱ्या अतिनील किरणांनी चेहऱ्याची डावी बाजू सुरकुतून गेलेली, उजवी बरीच ठीक. तो डावीकडून दुःखी आणि उजवीकडून सुखी होता, असं कुणी म्हटलं का? मुलगी गप्प झाली. बायको कधीच होत नाही.

तिचा चेहरा मात्र हसरा. डोळ्यांच्या कडांना अशा रेषा की अख्खी आळी तिला गरीब गाय समजते. आमच्या स्वयंपाकघरातल्या भांड्यांना वाचा फुटली तर आळीचं मत बदलेल. पण मासळीबाजारात हे हसू तिला महाग पडतं. "यो गो बाय," म्हणत मासळीवाली पुरा भाव लावते. मी नुसता बांगड्याचे कल्ले निरखत उभा राहिलो, तरी ती न बोलता वाट्यावर दोन बांगडे चढवते आणि वर, "ताजें आसा, बाब, देवाशपथ!"

त्यामुळे जून-जुलैत मासेमारीबंदी लागून भाव चढले की पिशवी माझ्या हातात येते. निघताना बायको दारातून बजावते, "अहो, दाढी नका करू. आणि तिथं कुणी ओळखीचं भेटलं, तर उगाच हसत बसू नका."