खुलासा : शेडच्या कैचीला (छप्पर पेलणाऱ्या तिकोनी सांगाड्याला) माळा, म्हणजे मधला मजला, टांगू नका

‘नाशिकच्या सातपूर-अंबडमधलं बंद कारखान्याचं शेड घ्या, रंग मारा, कैच्यांना माळा टांगा, आयटी ऑफिससाठी जागा दुप्पट’ असा मेसेज फिरतोय. हे चूक आहे. आयएस 875 या इमारतींवरच्या भारांच्या भारतीय मानकाप्रमाणे वावर नसलेल्या उतरत्या छपराला चौरस मीटरला फार तर 75 किलो चल भार (माणसं, सामान असं बदलतं वजन) धरतात. ऑफिसच्या मजल्याला 250 ते 400. टांगलेल्या माळ्याचं वजन कैचीच्या सांध्यांवर येतं, बोल्ट निसटू शकतात. माळ्याला स्वतःचे खांब, स्वतःचा पाया हवा.

जुन्या सिमेंट पत्र्यांत बहुधा अ‍ॅस्बेस्टॉस असतं, त्याची धूळ फुफ्फुसांना घातक. भोकं पाडू नका. पाणी मारून, पत्रा धरून ठेवणारे जे-हुक कापून पत्रा अख्खा उतरवा. आणि हो, भूखंड एमआयडीसीच्या लीजवर असतो. पोटभाड्याआधी त्यांची परवानगी घ्या.