उकळून औषध जात नाही

‘उसाला मारलेलं तणनाशक रानातच जिरतं, विहिरीचं पाणी जमिनीतून गाळूनच येतं, टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) कमी आला की बिनधास्त प्या आणि तरी शंका असेल तर उकळा.’ असा मजकूर पुण्यातल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर आणि दौंड-इंदापूरकडच्या शेतकऱ्यांच्या ग्रुपवर फिरतो आहे. त्यावर विसंबून लोक लेकरांना पाणी पाजतात, म्हणून उत्तर देणं भाग आहे.

गाळून येतं? आपल्याकडे माती आणि मुरूम संपला की खाली काळा पाषाण लागतो. त्यात पाणी फटींमधून, सांध्यांमधून वाहतं आणि फट काही गाळत नाही. ऊस-मक्यात मारतात ते ॲट्राझिन हे तणनाशक मातीला घट्ट धरून राहत नाही, पाण्याबरोबर खाली उतरतं. जर्मनीने त्यावर १९९१ साली बंदी घातली, तरी पुढे कित्येक वर्षं तिथल्या भूजलात ते सापडत राहिलं.

आणि रानात जिरायचं तर दूरच, बरंचसं औषध थेट विहिरीतच जातं. फवारणी झाली की पाठीवरचा पंप विहिरीच्या काठावरच धुतला जातो, रिकाम्या बाटल्या तिथेच पडतात, पाऊस आला की सगळं आत. दुसरा प्रकार तर सहसा लक्षातही येत नाही. औषधाच्या टाकीत पाण्याचा पाइप बुडवून मोटर चालू ठेवलेली असते. लाइट जाते, फूट व्हॉल्व्ह (विहिरीतल्या पाइपाच्या तळाची झडप) गळका असतो आणि टाकीतलं पाणी उलटं विहिरीत ओढलं जातं. पाइपाचं तोंड टाकीच्या पाण्याच्या वर बांधलं तर हे टळतं, खर्च शून्य. वाघोली-मांजरीसारख्या भागांत टँकरवर दिवस काढणाऱ्यांनीही टँकर कुठल्या विहिरीवर भरतो, ते विचारायला हवं.

टीडीएस मीटर पाण्यातून वीज किती वाहते ते मोजतो, म्हणजे मुख्यतः क्षार. भारतीय मानक आयएस १०५०० मध्ये टीडीएसची स्वीकार्य मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे, तर ॲट्राझिनची फक्त २ मायक्रोग्रॅम. दोन्हींत अडीच लाख पटींचा फरक! एवढंसं औषध त्या मीटरला दिसणं शक्यच नाही.

उकळल्याने जंतू मरतात, त्यासाठी जरूर उकळा. पण ॲट्राझिनसारखी औषधं वाफेबरोबर उडून जात नाहीत. पाणी आटलं की उरलेल्यात त्यांचं प्रमाण उलट वाढतं. तुरटी आणि क्लोरीननेही ती फारशी निघत नाहीत. त्यांना धरतो तो सक्रिय कोळशाचा फिल्टर, तोही आतला कोळसा वेळेवर बदलला तरच.

डब्यावरचा हिरवा त्रिकोण दाखवून ‘हे सौम्य आहे’ म्हणणारेही भेटतात. तो रंग औषध पोटात गेल्यावर किंवा कातडीला लागल्यावर किती विषारी ठरतं तेवढंच सांगतो. पाण्यात ते किती टिकेल, हे त्यावर लिहिलेलं नसतं.

पाणी तपासायला द्याल तेव्हा ‘कीटकनाशक-तणनाशकांचे अवशेष’ असं वेगळं लिहून मागा, कारण नेहमीच्या तपासणीत क्षार आणि जंतूच बघतात. नमुना प्लास्टिकच्या नव्हे, काचेच्या गडद बाटलीत न्या.