मराठी बंद करा म्हणे!

आज परत तेच. स्वमग्न पोराला घेऊन प्रवेशासाठी बेळगावातल्या शाळेत गेले. ऑफिसाबाहेर पाऊण तास बाकावर बसवलं, मग आत बोलावलं, आणि मॅडमनी पोराकडं एकदाही न बघता मला विचारलं, घरात कुठली भाषा? म्हटलं, मराठी. झालं! पेन खाली ठेवलं, मान हलवली. पोरगं का बोलत नाही, सगळं कोडंच सुटलं त्यांचं. चार वर्षं आम्ही येडे, धारवाड-हुबळी-कोल्हापूर फिरत होतो.

"मराठी बंद माड्री."

असं म्हणाल्या! गॅस बंद करा म्हणावं तसं. आणि वर, "बोलायला लागला की घेऊन या, पुढच्या वर्षी बघू." म्हणजे ताप उतरला की दवाखान्यात या!

1956 पासून इथला सीमाप्रश्न कुणाला सुटला नाही. 2004 पासून खटला सुप्रीम कोर्टात पडून आहे. तो आता माझ्या सात वर्षांच्या पोराच्या जिभेवर सोडवायचाय होय?

आपली माणसं तरी कुठं धड आहेत म्हणा. दोन वर्षांपूर्वी निपाणीवरून एस्टीनं कोल्हापूर गाठलं, पोरानं वाटेत दोनदा ओकलं, आणि तिथले डॉक्टर म्हणाले, "कानावर कन्नड पडतंय ना, ते आधी थांबवा." कसं थांबवू? कापूस घालू? तिसरे एक टिळकवाडीतले, ते म्हणाले फक्त इंग्लिश बोला. माझी सासू आणि इंग्लिश! दोन भाषांनी स्वमग्न मुलांचं बोलणं बिघडत नाही, हे केव्हाच तपासून झालंय. पण ते वाचणार कोण, यांना पेन खाली ठेवायची घाई.

आणि ज्याच्याबद्दल हे चाललंय, तो मला आई म्हणत नाही, पण बेळगाव स्टेशनची अख्खी अनाउन्समेंट म्हणतो. "दयविट्टु गमनिसि"पासून. आधी कन्नड, मग हिंदी, मग इंग्लिश, बाईच्या त्याच सुरात. मराठीची अनाउन्समेंट तिथं होत नाही, म्हणून ती तेवढी येत नाही. सांगा की मॅडमना!

अपंगत्वाच्या सर्टिफिकेटचं तर बोलूच नका. काढायला गेलो तेव्हा खिडकीतला माणूस म्हणाला, "धडधाकट दिसतोय की ओ, कशाला लेबल लावून घेताय?" स्वमग्नता मोजायची चाळीस प्रश्नांची ती ईसा चाचणी करून, मार्क पडून, डॉक्टरांच्या बोर्डापुढं बसून आलोय आम्ही, आणि हा काचेतून बघून सांगणार. वर सर्टिफिकेट दिलं तेही तात्पुरतं. परत कधी दाखवायचं? "बघू, बरा झाला तर." खानापूरच्या लग्नात मामेसासूबाई म्हणाल्या, मोबाइल दिलास म्हणून झालं. त्याच मामेसासूबाईंनी वरातीला डॉल्बीपुढं उभं केलं त्याला, "सवय होऊ दे" म्हणून. आणि दोन एप्रिल, स्वमग्नता दिन, आला की हीच सगळी मंडळी स्टेटसला निळा दिवा लावतात. तो दिवा बघितला की माझं डोकं फिरतं.

तर आज मी काय केलं? पर्समध्ये 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याची झेरॉक्स होती. कलम 16, भेदभाव न करता प्रवेश द्यायचा, हायलाइटरनं पिवळं केलेलं. दोन महिने ती पर्समध्ये आहे, घडीवर फाटायला आलीय. मी उठले, आणि म्हणाले, "आय्तु मॅडम, थँक्यू." थँक्यू! वर हात जोडले. खरं भाषण सुचलं ते स्कूटरवर, रेल्वे गेटाशी, गाडी जाईपर्यंत. काय मुद्दे होते एकेक! शेजारचा रिक्षावाला बघत होता, हेल्मेटात बाई कुणाशी भांडतीय म्हणून. घरी येऊन आमटीत दोनदा मीठ घातलं आणि नवऱ्याला म्हटलं, तुझ्यामुळंच.

पोरगं मात्र सगळं ऐकून आलंय. संध्याकाळपासून मॅडमचाच आवाज, त्यांचाच हेल, हाताची पालथी बोटंसुद्धा तीच. "मराठी बंद माड्री. मराठी बंद माड्री." सासूबाई मालिका बघत बसल्या होत्या. त्यांच्यापुढं जाऊन उभा राहिला आणि ठणकावून म्हणाला.

त्यांनी गुपचूप टीव्ही बंद केला.