हल्कचा राग कोणाच्या सोयीचा?

हल्क, म्हणजे राग आला की अफाट ताकदीचा राक्षस होणारा मार्वल कॉमिक्समधला शास्त्रज्ञ ब्रूस बॅनर, याच्यावरच्या माझ्या लेखावर तुम्ही इतकं मनापासून आणि तपशिलात लिहिलंत, म्हणून उत्तरही तसंच देतो. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: विश्वाचं भवितव्य पणाला लागलेलं असताना ज्याला स्वतःचा राग आवरत नाही, त्याला नायक म्हणू नये. हल्कचा संताप ही लेखकांची पळवाट आहे. आणि त्याच्या बेभानपणाला करुण ठरवून मी त्याची जबाबदारीच पुसून टाकली.

पळवाटेचा आरोप बऱ्याच अंकांना लागू पडतो, त्यावर वाद घालत नाही. १९६२ पासून चालत आलेल्या पात्राच्या वाट्याला भरताड येणारच. मी लिहिलं ते मात्र निवडक कथांबद्दल, आणि त्यांत राग आवरण्याचा प्रश्न तुम्ही मांडलात तितका सरळ नाही.

१९८४ मधला ‘सीक्रेट वॉर्स’ या कॉमिक्स मालिकेचा चौथा अंक घ्या. पृथ्वीवरचे नायक आणि खलनायक एका दूरच्या ग्रहावर नेऊन लढवले जात आहेत. मॉलिक्यूल मॅन हा खलनायक नायकांवर अख्खी पर्वतरांग उलथवतो. वजन, मुखपृष्ठावर दिल्याप्रमाणे, १५० अब्ज टन. ते सगळं एकटा हल्क खांद्यावर पेलतो. या काळात हल्कच्या देहात डोकं ब्रूस बॅनरचं आहे, म्हणजे तो शांतपणे विचार करू शकतो, आणि नेमकी तीच अडचण होते. ताकद कमी पडू लागते. तेव्हा नायकांपैकीच एक, रीड रिचर्ड्स, मुद्दाम त्याला डिवचतो, लागेल असं बोलतो, कारण हल्क चिडला तरच बाकीचे वाचणार आहेत. त्या ढिगाऱ्याखाली ‘स्वतःला आवर’ असं त्याला कोणीही म्हणत नाही.

आणि हाच रीड पुढे टोनी स्टार्क (आयर्न मॅन), डॉक्टर स्ट्रेंज आणि ब्लॅक बोल्ट या इतर नायकांसोबत बसून ठरवतो की हल्क पृथ्वीवर राहणं धोक्याचं आहे. त्या बैठकीतला नेमोर एकटा विरोध करतो. बाकीचे हल्कला फसवून यानात बसवतात आणि अंतराळात सोडून देतात. माझा सगळा लेख या विसंगतीवर उभा होता. संकटात ज्याचा राग चेतवायचा, संकट टळल्यावर त्याच रागासाठी त्याला हद्दपार करायचं. तुमच्या प्रतिक्रियेत हल्कच्या संयमाची झाडाझडती आहे, पण ज्यांनी त्याचा राग हवा तसा वापरला त्यांच्याबद्दल एक ओळ नाही. हे मला खरंच खटकलं.

या हद्दपारीनंतरची कथा असलेल्या ‘वर्ल्ड वॉर हल्क’ (२००७) चा उल्लेख तुम्ही निव्वळ विध्वंस म्हणून केलात. यान त्याला नेतं त्या साकार ग्रहावर त्याला बायको, कायेरा, मिळते, राज्य मिळतं, आणि ज्या यानातून त्याला पाठवलं होतं त्याच्याच स्फोटात कायेरा मरते. तो सूड घ्यायला पृथ्वीवर येतो. तरीही मॅनहॅटन रिकामं करायला तो २४ तास देतो. ज्यांनी त्याला फसवलं ते त्याच्या हाती लागतात, तो त्यांना आखाड्यात एकमेकांशी लढवतो, आणि जीव घ्यायची वेळ येते तेव्हा थांबवतो. बेभान माणूस असं वागत नाही. खरा तोल जातो तो अगदी शेवटी. रिक जोन्स, ज्याला वाचवताना बॅनरचा हल्क झाला तोच, डोळ्यांदेखत भोसकला जातो. भोसकणारा मीक, हल्कचा जुना साथीदार, कबूल करतो की स्फोट होणार हे त्याला आधीच माहीत होतं; हल्क पेटून उठावा म्हणून तो गप्प राहिला. इथेही पुन्हा तेच, राग दुसऱ्याला हवा होता! यानंतर हल्कच्या नुसत्या पावलांनी किनारपट्टी हादरू लागते, आणि त्या अवस्थेत तो स्टार्कला सांगतो की मला थांबव. स्टार्क उपग्रहांतून मारा करून त्याला पाडतो. राग आवरता येत नाही हे कळल्यावर स्वतःला शत्रूच्या हवाली करणं, याला जबाबदारी घेणं म्हणायचं नाही तर कशाला?

बालपणाचं कारण पुढे करून सगळं माफ करता येत नाही, हा तुमचा मुद्दा योग्य आहे. बिल मँटलो यांनी १९८५ मध्ये, ३१२ व्या अंकात, लहानग्या ब्रूसला राक्षस समजणारा बाप दाखवला. त्यातून राग कुठून आला ते समजतं, एवढंच. मीही तेवढंच लिहिलं होतं.

टायटनवरच्या लढाईबद्दल तर आपलं एकमतच आहे. ‘इन्फिनिटी वॉर’ या चित्रपटात थानोस या खलनायकाच्या हातातून त्याला शक्ती देणारा पंजा जवळजवळ निघालेला असतो आणि आपली प्रेयसी गमोरा हिला त्यानेच मारलं हे कळताच नायकांपैकी क्विल त्याला मारू लागतो. तिथे कोणी क्विलला चेतवलं नव्हतं. त्याचं दुःख खरं होतं, आणि चूकही सर्वस्वी त्याचीच. पण क्विलच्या चुकीचं माप हल्कला लावू नका. त्याच चित्रपटाच्या सुरुवातीला थानोसकडून मार खाल्ल्यावर हल्क पुन्हा बाहेर यायलाच नकार देतो, आणि तेव्हा बॅनर त्याला यावंच म्हणून विनवतो.

उरला मॅनहॅटनमधल्या सामान्य लोकांचा प्रश्न. २४ तास दिले म्हणून त्यांची पडलेली घरं परत येत नाहीत, त्यांचं हल्कशी काही वैर नव्हतं, आणि त्या नुकसानीला मीक किंवा स्टार्क यांच्याआडही लपता येत नाही. ते हल्कच्याच नावावर आहे. तुम्ही फक्त चित्रपट पाहिले आहेत असं लिहिलंत, म्हणून सुचवतो: ‘वर्ल्ड वॉर हल्क’चा पाचवा अंक मिळवून वाचा. त्यानंतरही तुमचं मत हेच राहिलं तर जरूर लिहा, मला त्यावर पुढे बोलायचं आहे.