सहपत्र जोडलेले नाही

माझ्या तक्रारीवर 'माहिती अपुरी' असा शिक्का बसला, ते मी एक वेळ गिळलं. पण तो शिक्का अगदी योग्य आहे असा निकाल मिसळीच्या रांगेत शेजारच्या खुर्चीवर बसलेल्या अनोळखी काकांनी द्यावा, हे मला अजून पचलेलं नाही. मिसळ पचली.

आधी प्रकरण उरकतो. एका मुक्त-स्रोत प्रोग्रामिंग भाषेच्या डागडुजीत मी फावल्या वेळी हात घालतो. भाषेचं नाव सांगत नाही, माझी कामं अजून तिथे अडकलेली आहेत. मुक्त-स्रोत म्हणजे तिचा सगळा कोड उघड्यावर. कुणीही वाचावा, चूक दिसली तर नोंदवावी, जमलं तर दुरुस्त करून पाठवावी. पगार नाही. हे घरी अजून सांगितलेलं नाही.

तर मजकुरातून शब्द वेगळे काढायला प्रोग्रामर मंडळी बॅकस्लॅश-डब्ल्यू अशी एक खूण वापरतात. अक्षर, आकडा किंवा अंडरस्कोर दिसला की ती म्हणते, चला, शब्द अजून चालू आहे. आमच्या भाषेने हा नियम पायथन या प्रसिद्ध प्रोग्रामिंग भाषेसारखाच ठेवलाय. आणि पायथनच्या हिशेबात अक्षर कुठलं, तर युनिकोडने, म्हणजे जगभरच्या लिप्या कॉम्प्युटरमध्ये साठवायच्या मानकाने, ज्याला 'अक्षर' या वर्गात बसवलं तेवढंच. आपला काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार, पाय मोडायची खूण, ही सगळी मंडळी युनिकोडमध्ये 'चिन्ह' या वेगळ्या वर्गात. म्हणजे काना आला की शब्द संपला. 'नाशिक' दिलं की न, श, क असे तीन तुकडे हातात येतात. गोदावरीचे ग, द, वर. मिसळीचे म आणि सळ. लासलगाव फुटलं, आणि त्यातून निघालं काय, तर ल, सलग आणि व.

वैतागून मी जिल्ह्याचे 15 तालुके एकदम आत ढकलले. इगतपुरीपासून येवल्यापर्यंत सगळ्यांच्या चिंध्या. धड बाहेर आला तो एकटा कळवण. ना काना, ना मात्रा, ना वेलांटी. डोक्यावर काही नाही, पायाशी काही नाही, असा सरळ चालत आला.

आता कुणी म्हणेल, कुणाच्या लक्षात आलं नसेल. आलंय की! पायथनकडे ही तक्रार 2007 सालीच नोंदलेली आहे. आम्ही नाशिककर वर्षं कुंभमेळ्याने मोजतो, त्या हिशेबाने 2003 चा कुंभ होऊन चार वर्षं झाली होती तेव्हा. मग 2015 चा झाला, आता 2027 च्या तयारीत निम्मं शहर खणून ठेवलंय, आणि बॅकस्लॅश-डब्ल्यू जिथे होतं तिथेच आहे. युनिकोडचं स्वतःचं मानक म्हणतं की ही चिन्हं शब्दातच धरा. पायथनसाठी 'रेजेक्स' नावाची वेगळी लायब्ररी, म्हणजे वरून जोडायचा तयार कोड, आहे, ती बरोबर धरते. रोग ठाऊक, औषध ठाऊक. पण जुना नियम बदलला तर त्याच्या भरवशावर चाललेले जगभरचे प्रोग्राम वेगळी उत्तरं द्यायला लागतील, ही भीती असतेच. आणि चूक पुरेशी जुनी झाली की तिला वर्तणूक म्हणतात.

म्हणून मी आमच्या छोट्या भाषेत नोंद केली. चार ओळींचा प्रोग्राम, अपेक्षित उत्तर, आलेलं उत्तर, आवृत्ती, सगळं रीतसर. रविवारी सकाळी मखमलाबाद रोडला मिसळीसाठी टोकन घेऊन बसलो होतो, पुढे ही गर्दी. लॅपटॉप उघडला तर उत्तर आलेलं. तिकडच्या कुणा तपासनिसाने लेबल लावलं होतं, 'माहिती अपुरी', आणि खाली अत्यंत सभ्य भाषेत विचारलं होतं: मराठी वाचक 'नाशिक' हा एकच शब्द मानतात, याला काही संदर्भ देता येईल का?

मी ते परत वाचलं. बहुधा मोठ्याने वाचलं असावं.

"कुणाविरुद्ध तक्रार आहे?" शेजारून आवाज आला.

पांढरा बुशशर्ट, खिशाला दोन पेनं, त्यातलं एक लाल. शेजारी काकू, मांडीवर पर्स आणि पर्सवर टोकन घट्ट धरून.

"नाही काका, हे आपलं कॉम्प्युटरचं काम."

"वर क्रमांक आहे, खाली शेरा आहे. तक्रारच आहे. मी 31 वर्षं आवक-जावकला होतो." कुठल्या कार्यालयात ते त्यांनी सांगितलं, मी लिहीत नाही. काकांनी चष्मा बदलला. "वाच बघू शेरा."

मी वाचला. मराठी करूनच सांगितला. मला वाटलं, आता हा माणूस माझ्या बाजूने पेटून उठणार. नाशिकचा माणूस, नाशिकच्या मातीत बसलेला, नाशिकच्या नावाचे तीन तुकडे झालेले.

"बरोबर आहे त्याचं," काका म्हणाले. "सहपत्र काय जोडलंस?"

"काका, नाशिक हा एक शब्द आहे, याला सहपत्र?"

"अरे, तू म्हणतोस म्हणून? माणूस समोर उभा असला तरी आम्ही हयातीचा दाखला मागायचो."

"पण कुणालाही विचारा ना!"

"कुणालाही म्हणजे तोंडी. तोंडी नोंद होत नाही." त्यांनी स्क्रीनवर बोट ठेवलं, म्हणजे खरोखरच ठेवलं, ठसा अजून आहे. "हे बाकीचे शेरे कसले?"

आणि इथे माझी घोडचूक म्हणा किंवा टोकन लांब होतं म्हणा, मी समजावून सांगायला लागलो. म्हटलं, एकच चूक दोघांनी नोंदवली की दुसरीला 'डुप्लिकेट' म्हणून बंद करतात.

"पूर्वीच्या प्रकरणात समाविष्ट. चांगली पद्धत आहे. हे?"

"ते 'वोन्टफिक्स'. म्हणजे चूक मान्य आहे, पण दुरुस्त करणार नाही."

"दप्तरी दाखल," काका समाधानाने म्हणाले. "आणि हे एकाच नावाने सगळीकडे काय लिहिलंय?"

"तो माणूस नाही, बॉट आहे. एखाद्या तक्रारीवर बरेच दिवस कुणी काही बोललं नाही, तर तो ती आपोआप बंद करतो."

काका थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग काकूंकडे वळून म्हणाले, "ऐकलंस का? आपोआप! आम्ही मार्चएंडला रात्र रात्र बसून हाताने निकाली काढायचो."

"ऐकलं. एकशे बारा चालू आहे, आपला एकशे एकोणीस," काकू म्हणाल्या.

मी शेवटचा उपाय म्हणून पतंगाची, उडवायच्या नव्हे, किड्याची, गोष्ट काढली. कॉम्प्युटरच्या चुकीला 'बग', म्हणजे किडा, का म्हणतात ते सांगताना सगळे काढतात तीच. 9 सप्टेंबर 1947 रोजी हार्वर्डच्या मार्क टू या यंत्राच्या रिलेमध्ये, म्हणजे विजेवर चालणाऱ्या खटक्यात, खराखुरा पतंग अडकलेला सापडला, आणि तिथल्या लोकांनी तो चिकटपट्टीने नोंदवहीत चिकटवून खाली लिहून ठेवलं की बग प्रत्यक्ष सापडल्याची ही पहिलीच घटना. खरं तर हा शब्द यंत्रातल्या बिघाडासाठी एडिसननेही 1870 च्या दशकात वापरला होता, त्यामुळे 1947 वाल्यांचा तो विनोद होता. काकांना त्या विनोदाशी देणंघेणं नव्हतं.

"नोंदवहीतच चिकटवला?" त्यांचे डोळे चमकले. "दिनांकासह?"

"हो. ती वही आजही अमेरिकेत संग्रहालयात आहे."

"याला म्हणतात सहपत्र! बघ, त्यांनी पुरावा जोडला, म्हणून संग्रहालयात गेली. तुझी फाइल कुठे जाणार?"

एव्हाना आमच्या पुढचे लोक वळून बघायला लागले होते. बनियनवरच रस्त्यापलीकडून आलेल्या एका गृहस्थाने विचारलं की हे पीक विम्याचं चाललंय का. काका म्हणाले, "नाही, नाशिकचं." त्यावर तो गंभीर होऊन तिथेच उभा राहिला.

राग मला काकांचाच आला होता असं नाही. त्या तपासनिसाचाही पूर्ण येत नाही. तोही फुकटच राबतो, त्याच्याकडे शेकडो नोंदी तुंबलेल्या, त्याला ना काना माहीत ना वेलांटी. ज्याने काम केलं त्याचं चालतं, हा इथला कायदा आहे. 1997 च्या सुमारास इस्रायलमधल्या दोन विद्यार्थ्यांनी पीएचपी या भाषेचा गाभा नव्याने लिहिला आणि दोन अपूर्णविरामांच्या खुणेला आत हिब्रू नाव देऊन टाकलं. मग जगभरच्या प्रोग्रामरांना चूक झाली की पडद्यावर 'पामायिम नेकुदोतायिम' वाचावं लागायचं. शिव्या घातल्या, शोधाशोध केली, पण वर्षानुवर्षं वाचलं. आपल्याकडे कॉम्प्युटरवाल्यांची काय कमतरता आहे? गंगापूर रोडला सिग्नलवर थांबलेल्या दहांपैकी चौघं तरी कोड लिहितात. पण परदेशातल्या कंपनीच्या वेळेत, परदेशातल्या कंपनीसाठी. देवनागरी युनिकोडमध्ये पहिल्या आवृत्तीपासून आहे, म्हणजे 1991 पासून. पायथन पहिल्यांदा बाहेर आलं तेही 1991 मध्येच. एवढा शेजार असून अजून आपल्या वेलांटीला शब्दात जागा नाही, आणि ती मागायला गेलं तर नाशिक हे नाशिक असल्याचा दाखला मागतात. हे मी मनात बोलत होतो. मोठ्याने बोललो असतो तर काकांनी विचारलं असतं, अर्ज केलास का.

तेवढ्यात मला बिल दिसलं. काकूंनी आधीच पैसे भरून ठेवले होते आणि चिठ्ठी टोकनाला टाचली होती. त्यावर छापलं होतं: 'मसिळ 2'.

"काका, हे बघा!" मला एवढा आनंद झाला की काय सांगू. "हाच तो आजार, जरा वेगळ्या जागी. कॉम्प्युटरच्या पोटात म नंतर वेलांटी साठवलेली असते. दाखवताना ती म च्या आधी आणावी लागते. या छपाईवाल्याला ते कळत नाही, म्हणून ती पुढच्या स वर जाऊन बसली. पाट्यांवर 'नाशकि' लिहिलेलं पाहिलंय ना?"

काकांनी चिठ्ठी लांब धरून वाचली. "मिसळ दोन. बरोबर आहे."

"मिसळ नाही लिहिलेलं! मसिळ लिहिलंय!"

"पण कळतंय ना? मिसळीच्या दुकानात मसिळ म्हणजे काय, पिठलं देणार आहेत का?"

"मग तक्रार कोण करणार?"

"यात तक्रार काय करायची?" 31 वर्षं तक्रारींना क्रमांक दिलेला माणूस मला म्हणाला. "अरे, माझ्या पेन्शनच्या कागदावर माझ्याच नावातली वेलांटी अशी पुढे गेलीय. बँकेत म्हणाले, सही जुळत नाही."

"मग?"

"मग काय, सही बदलली."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. त्यांनी खिशातलं निळं पेन काढून चिठ्ठीच्या मागे सही करून दाखवली. झोकदार, सरावलेली, खाली दुहेरी रेघ. वेलांटी चुकीच्या अक्षरावर.

"आता कुठेही अडत नाही," काका म्हणाले.

"आमच्या लग्नपत्रिकेत यांचं नाव वेगळं होतं," काकू म्हणाल्या आणि उठल्या. एकशे एकोणीस पुकारला होता.

मिसळ झणझणीत होती. काकांनी पलीकडच्या टेबलावरून दोनदा हात करून रस्सा मागवला आणि एकदा माझ्याकडे बघून लिहिल्याची खूण केली. घरी आल्यावर मी पुरावा जोडला. एका मराठी शब्दकोशाचा दुवा, युनिकोडच्या मानकातला परिच्छेद, आणि दुरुस्ती तपासायला चाचणी म्हणून जिल्ह्याचे सगळे तालुके. दुरुस्तीआधी काय निघतं, नंतर काय निघतं, दोन्ही ओळीने. दिनांकासह.

काल तपासनिसाचं उत्तर आलं. म्हणतो, पुरावा उत्तम आहे, आभारी आहे. फक्त एक. तो 'कळवण' नावाचा शब्द दुरुस्तीच्या आधीही बरोबर येत होता, मग चाचणीत त्याची गरज काय? कृपया काढून टाकावा.

दुरुस्ती तेवढ्यासाठी अडली आहे. मी कळवण काढणार नाही.